पाती फिरोत, पहारा न ढळो

१९ सप्टेंबर १९६५. भारत-पाक युद्ध अखेरच्या टप्प्यात होते. गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता पत्नीसह एका लहान मुलकी विमानातून कच्छच्या सीमाभागाकडे निघाले होते. पाकिस्तानातील बदीन येथील रडारने ते विमान टिपले. तेथील नियंत्रकाने आपल्या सेबर लढाऊ विमानाला दिशा दिली आणि कच्छमधील सुथरी गावाजवळ मेहतांचे विमान पाडण्यात आले. पंचायत राज्याच्या रचनेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, तो नेता आणि विमानातील अन्य सात जण मृत्युमुखी पडले. दोनच दिवसांनी आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी बदीनच्या त्या रडारवर हल्ला चढवून हिशेब चुकता केला. पुढे १० ऑगस्ट १९९९ रोजी पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान याच कच्छच्या खाडीप्रदेशात घुसले, तेव्हा नलियाच्या तळावरून उडालेल्या मिग-२१ विमानांनी ते पाडले. त्या वेळी आधी पाहणारे डोळे आपले होते. या दोन प्रसंगांतला बोध एकच आहे. आकाशातील लढाईत ज्याची दृष्टी आधी पोहोचते, त्याचा हात आधी पोहोचतो.

आज त्याच सुथरी-नलियाच्या परिसरात, अबडासा तालुक्याच्या माळावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. उत्तरेकडे खावड्याजवळ ७२,६०० हेक्टर ओसाड भूमीवर सूर्य आणि वारा यांपासून ३० गिगावॉट वीज निर्माण करण्याचा प्रकल्प आकार घेत आहे. १५ डिसेंबर २०२० रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. या आराखड्यात केवळ पवनऊर्जेसाठी राखलेला पट्टा सीमेच्या सर्वांत जवळ आहे. राजस्थानात जैसलमेरच्या वाळवंटातही हेच दृश्य दिसते. मार्च २०२५ अखेर देशाची पवनऊर्जेची स्थापित क्षमता ५० गिगावॉटवर पोहोचली आणि या क्षेत्रात चीन, अमेरिका व जर्मनीनंतर भारताचे नाव घेतले जाऊ लागले. प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटावा, अशीच ही गोष्ट आहे. वारा कोणाकडून आयात करावा लागत नाही, आणि पावसाळ्यात जेव्हा सूर्य ढगांआड असतो, नेमका तेव्हाच आपल्याकडे वारा सर्वाधिक वाहतो.

परंतु ही पवनचक्की आणि सीमेवर पहारा देणारे रडार यांचे परस्परांशी पटत नाही. हा विषय आपल्याकडे सार्वजनिक चर्चेत फारसा येत नाही. तो तंत्रज्ञांचा विषय आहे, असे समजून सोडून दिला जातो. वस्तुतः तो राष्ट्राच्या सुरक्षेचा, ऊर्जेचा आणि शेतकऱ्याच्या हवामान-अंदाजाचाही विषय आहे. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

रडार रेडिओलहरी सोडते आणि वस्तूवर आपटून परत येणाऱ्या लहरी ऐकते. डोंगर, इमारती, मनोरे यांच्यावरूनही लहरी परततात. मग या गोंगाटात विमान ओळखायचे कसे? येथे डॉप्लरचा सिद्धांत कामी येतो. स्थानकाकडे येणाऱ्या आगगाडीची शिट्टी तीव्र आणि दूर जाणाऱ्या गाडीची शिट्टी घोगरी वाटते, हा आपला नेहमीचा अनुभव. त्याचप्रमाणे हलणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते. जे स्थिर आहे ते रडार गाळून टाकते आणि जे हलते तेच पडद्यावर दाखवते. पवनचक्कीचा मनोरा कितीही उंच असला, तरी तो स्थिर असल्याने बहुतांशी गाळला जातो. पात्यांचे मात्र तसे नाही. आज भारतात बसवल्या जाणाऱ्या पवनचक्क्यांच्या चक्राचा व्यास १४० मीटरच्या पुढे गेला आहे. असे चक्र मिनिटाला जेमतेम अकरा-बारा फेऱ्या घेते. खालून पाहणाऱ्याला ते संथ वाटते, पण पात्याचे टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते. रडारच्या दृष्टीने हा वेग विमानाचा किंवा हेलिकॉप्टरचा असू शकतो.

याचे परिणाम तीन प्रकारचे होतात. पहिला असा की, जेथे काहीच नाही तेथे पडद्यावर विमान असल्याचा भास होतो. दुसरा परिणाम अधिक घातक आहे. पवनचक्क्यांच्या समूहाच्या वर गोंगाट इतका वाढतो की, खोटे इशारे टाळण्यासाठी रडार त्या भागापुरती आपली संवेदनशीलताच कमी करते. मग त्या गोंगाटातून जाणारी खरी, लहान वस्तू हरवून जाते. तिसरा परिणाम सावलीचा. पवनचक्क्यांच्या मागचा, कमी उंचीवरचा पट्टा अंशतः झाकला जातो. म्हणजे चोर नसताना कुत्रा भुंकतो, चोर आल्यावर गप्प राहतो आणि काही कोपरे त्याला दिसतच नाहीत. अशा राखणीवर विसंबून कोण निर्धास्त झोपेल?

हा केवळ तर्क आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मे २०२५ मधील त्या रात्री आठवून पाहाव्यात. ऑपरेशन सिंदूरनंतर ८ आणि ९ मेच्या मधल्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडले, असे आपल्या सरकारने अधिकृतपणे सांगितले. सर क्रीक म्हणजे कच्छच. आपल्या हवाई संरक्षण यंत्रणेने तो हल्ला निष्फळ ठरवला, याबद्दल देश तिचा ऋणी आहे. पण त्या हल्ल्याने युद्धाचे बदललेले रूपही दाखवून दिले. यापुढचा शत्रू उंचावरून गर्जना करीत येणार नाही. तो लहान असेल, स्वस्त असेल, संथ असेल आणि जमिनीलगत येईल. पात्यांच्या गोंगाटात नेमकी अशीच वस्तू सर्वांत सहज लपते. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘अश्विनी’ या स्वदेशी रडारसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सशी २,९०६ कोटी रुपयांचा करार केला. कमी उंचीवरून येणारी लक्ष्ये टिपणे, हेच या रडारचे काम. एका हाताने हे रडार उभे करायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच्यासमोर अविचाराने पात्यांचे रान उभे करायचे, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

इतर देशांनी या प्रश्नाला कसे तोंड दिले, हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेच्या संरक्षण विभागाने २००६ मध्येच याविषयी आपल्या संसदेला अहवाल सादर केला होता. तरीही २०१० मध्ये ओरेगॉन राज्यातील शेफर्ड्स फ्लॅट या ८४५ मेगावॉटच्या प्रकल्पाला, सर्व तयारी झाल्यानंतर, जवळच्या रडारचे कारण देऊन हवाई दलाने हरकत घेतली. गुंतवणूकदार हादरले, राजकीय दडपण आले, एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेकडून तातडीने अभ्यास करवून घेण्यात आला आणि अखेर हरकत मागे घेतली गेली. आधी करायचा अभ्यास नंतर केला, की असे वरातीमागून घोडे धावते. त्यातून शहाणे होऊन अमेरिकेने अशा प्रकल्पांची आधीच छाननी करणारी स्वतंत्र यंत्रणा कायद्याने उभारली.

स्वीडनने याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा मार्ग स्वीकारला. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी तेथील सरकारने बाल्टिक समुद्रातील तेरा पवनऊर्जा प्रकल्पांना एकाच दिवशी नकार दिला. कारण स्पष्ट होते. समोर रशियाचा कालिनिनग्राड हा लष्करी तळ आहे. समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तर येणाऱ्या क्षेपणास्त्राची चाहूल लागण्याची वेळ दोन मिनिटांवरून एका मिनिटावर येईल, असे तेथील संरक्षणमंत्र्यांनी सांगितले. पर्यावरणाबाबत ज्या देशाचे दाखले जगाला दिले जातात, त्या देशाला एका मिनिटाचे मोल हजारो मेगावॉट विजेपेक्षा अधिक वाटले. आपल्याकडे सुरक्षेचे नाव काढताच विकासविरोधी म्हणून शिक्का मारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मात्र नकार हे उत्तर प्रत्येक वेळी योग्य नसते. भारताला वीजही हवी आहे आणि पहाराही. म्हणूनच तिसरा मार्ग महत्त्वाचा ठरतो. तो आहे पात्यातच बदल करण्याचा. ब्रिटनमधील किनेटिक ही संरक्षण तंत्रज्ञान कंपनी आणि डेन्मार्कची पवनचक्की उत्पादक वेस्टास यांनी २००९ मध्ये इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात रडारलहरी शोषून घेणाऱ्या पात्यांची पूर्ण आकारातील चाचणी घेतली. लढाऊ विमान शत्रूच्या रडारपासून लपवण्यासाठी जे ज्ञान विकसित झाले, ते येथे आपल्याच रडारचा त्रास कमी करण्यासाठी वापरले गेले. पुढे फ्रान्सच्या दक्षिणेस, पेर्पिन्यां शहराजवळच्या ९६ मेगावॉटच्या प्रकल्पात अशी पाती व्यापारी तत्त्वावर बसवण्यात आली. तेथे प्रश्न संरक्षण दलाच्या रडारचा नव्हता. ओपुल येथील हवामान खात्याच्या रडारचा होता. भूमध्य समुद्रावरून येणाऱ्या ढगांमुळे अचानक पूर येणाऱ्या त्या प्रदेशात, हवामान रडार अंध होणे परवडणारे नव्हते.

या पात्यांचे मर्म समजायला कठीण नाही. नेहमीचे पाते काचतंतू आणि राळ यांचे बनवतात. त्याच्या थरांत वीजवाहक पदार्थाचा एक अतिपातळ थर आणि त्यामागे ठरावीक अंतरावर परावर्तक थर बसवला, की दोन्हींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारक ठरतात आणि ऊर्जा पात्यातच जिरते. हे अंतर लहरीच्या लांबीच्या साधारण एक चतुर्थांश असावे लागते. तीन गिगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या रडारची लहर १० सेंटीमीटरची, म्हणजे अंतर अडीच सेंटीमीटर. लांब पल्ल्याच्या काही रडारांची लहर २३ सेंटीमीटरची असते, तेथे हेच अंतर सहा सेंटीमीटरच्या जवळ जाते. पात्याच्या पदार्थामुळे हे आकडे कमी होतात, पण प्रमाण तेच राहते. अर्थात, एका रडारसाठी घडवलेले पाते दुसऱ्या प्रकारच्या रडारसाठी तितके उपयोगी पडेलच असे नाही. त्यातच पात्यात वीज कोसळण्यापासून संरक्षण करणारी धातूची वाहक तार असते, तीही लहरी परावर्तित करते. शोषक थर आणि ही तार यांचा मेळ घालणे, वजन वाढू न देणे आणि खर्च आवाक्यात ठेवणे, ही खरी कसोटी आहे. असे पाते प्रतिध्वनी कमी करते, नाहीसा करीत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून त्याला अधिक सक्षम रडार, सुधारित संगणकीय गाळणी आणि दुसऱ्या दिशेने पाहणारे पूरक रडार यांची जोड द्यावी लागते.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या दिमाखात फिरतात. त्याच जिल्ह्यात मांढरदेवच्या डोंगरावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सह्याद्रीवरील ढगांच्या अभ्यासासाठी रडार बसवले होते. वारा उंच पठारावर मिळतो आणि रडारलाही उंच जागाच लागते. त्यामुळे दोघांची मागणी एकाच डोंगरमाथ्याला असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा ढग टिपणारे डॉप्लर रडार शहराजवळ नव्हते. त्याची किंमत आपण शेकडो प्राणांनी मोजली. त्यानंतर रडारांचे जाळे वाढू लागले. ते वाढत असताना पात्यांच्या प्रतिध्वनीला वादळी वारा समजण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये. युरोपातील हवामान संस्थांच्या रडार जाळ्याने यासाठी निकष घालून दिले आहेत. सी-बँड रडारपासून पाच किलोमीटरच्या आत पवनचक्की नको आणि वीस किलोमीटरपर्यंत आधी परिणामांचा अभ्यास हवा.

मग आपण काय करायला हवे? पहिली गोष्ट अशी की, जमीन देण्यापूर्वी नकाशा एक व्हावा. संरक्षण मंत्रालय, हवाई दल, हवामान खाते आणि नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी एकत्र बसून, कोठे मोकळीक आहे, कोठे अटी आहेत आणि कोठे मनाई आहे, हे ठरवले पाहिजे. संरक्षण ठिकाणांभोवतालच्या बांधकामाचा आपला कायदा १९०३ सालचा आहे. तो ज्यांनी केला त्यांच्या स्वप्नातही रडार नव्हते आणि दोनशे मीटर उंचीवर फिरणारी पाती नव्हती. आजचा ना-हरकत दाखला ‘येथे उभे करू का?’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. ‘कशाचे पाते, कोणत्या रचनेत, कोणत्या रडारसमोर?’ हे प्रश्नही त्यात आले पाहिजेत.

दुसरी गोष्ट स्वदेशी पात्याची. भारत पाती परदेशातून आणणारा देश राहिलेला नाही. आपल्या कारखान्यांत ती घडतात आणि निर्यातही होतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनने हे तीन दशकांपूर्वी सुरू करून दाखवले. रडारलहरी शोषणाऱ्या पदार्थांवर संरक्षण संशोधन संस्थेच्या जोधपूर आणि कानपूर येथील प्रयोगशाळांत काम होत आले आहे. आयआयटी कानपूरने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अनालक्ष्य’ ही रडारपासून लपवणारी सामग्री देशासमोर ठेवली. रडार घडवणारी प्रयोगशाळा बंगळुरूला आहे, पवनऊर्जेची राष्ट्रीय संस्था चेन्नईला आहे. ज्ञान आहे, कारखाना आहे, गरज आहे. उणीव आहे ती या सर्वांना एका मांडवाखाली आणणाऱ्या निर्णयाची. तो घेतला गेला नाही, तर उद्या हेच पाते परक्यांकडून त्यांच्या अटींवर घ्यावे लागेल, आणि आपले कोणते रडार कोणत्या लहरीवर चालते, हेही त्यांना सांगावे लागेल! ज्यांना संरक्षणाचे गांभीर्य कळते, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तिसरी गोष्ट खर्चाची. फिनलंडने २०१३ मध्ये कायदा करून बोथनियाच्या आखाताजवळील एका क्षेत्रात पवनऊर्जेला वाट मोकळी करून दिली आणि त्यासाठी लागणाऱ्या जादा रडारव्यवस्थेचा भार पवनऊर्जा उत्पादकांवर टाकला. ज्याला लाभ, त्याने भार उचलावा, हा न्याय आपल्याकडेही लागू व्हावा. आणि चौथी गोष्ट सर्वांत सोपी, जवळजवळ बिनखर्चाची. पाते थांबले की ते मनोऱ्यासारखेच स्थिर होते आणि रडार त्याला गाळू शकते. सीमेवरील प्रत्येक पवनऊर्जा करारात, हवाई संरक्षणाच्या आदेशानुसार पाती तत्काळ थांबवण्याची अट आणि त्याची तांत्रिक सोय बंधनकारक असावी. अमेरिकेत अशा अटी घातल्या गेल्या आहेत. युद्धाच्या काही रात्री वीज थोडी कमी मिळाली, तर कोणाची तक्रार असणार नाही.

जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात एकूण १,००० मेगावॉटच्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. समुद्रातील पवनचक्क्या जमिनीवरच्यांपेक्षाही मोठ्या असतात आणि आपल्या सागरी सीमेवर २६ नोव्हेंबर २००८ ची जखम अजून ओली आहे. किनाऱ्यावर उभारलेल्या रडारांची साखळी त्याच जखमेतून जन्माला आली. त्यामुळे समुद्रात पहिला मनोरा रोवण्यापूर्वीच हा विचार व्हावा. आग लागल्यावर विहीर खणायला निघण्याची सवय आपण एकदाची सोडली पाहिजे.

या बाबतीत आपल्याला बाहेरून शिकण्याची फारशी आवश्यकताही नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दुर्गबांधणीचे नियम सांगताना बजावले आहे की, गडाजवळ गडाला बाधक ठरेल असा दुसरा डोंगर असू नये. असल्यास सुरुंग लावून तो कमी करावा, आणि तेही शक्य नसेल तर तो मोकळा न सोडता बांधून बळकट करावा, म्हणजे गडाच्याच कामी येईल. तीनशे वर्षांपूर्वीच्या या राजनीतीत आजच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. पवनचक्की हा आपल्या गडाजवळचा डोंगर आहे. तो हटवायचा नाही, कारण तोही आपलाच आहे आणि आपल्याला हवा आहे. पण तो मोकळाही सोडायचा नाही. त्याला गडाच्या रचनेतच सामावून घ्यायचे आहे.

वीज निर्माण करणारा अभियंता आणि पडद्यासमोर रात्र जागवणारा जवान, दोघेही एकाच राष्ट्राचे काम करीत आहेत. त्यांच्यापैकी एकाचे श्रम दुसऱ्याच्या वाटेत येऊ नयेत, हे पाहणे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे; आणि राज्यकर्त्यांना त्याची आठवण करून देणे हे जागरूक नागरिकांचे. सुथरीच्या माळावर १९६५ साली आपण आठ माणसे गमावली, कारण त्या दिवशी आधी पाहणारी दृष्टी शत्रूची होती. त्याच माळावर आज वारा आपल्यासाठी वीज निर्माण करतो आहे. तेथील पाती अशीच फिरत राहोत. मात्र त्यांच्या फिरण्याने आपल्या पहाऱ्याची नजर क्षणभरही ढळू नये.